पुसलेले मेण

मी एक जुना रायफलचा दस्ता आहे. खरे तर त्याचा उरलेला तुकडा. मित्रांनो, अक्रोडाच्या लाकडातून मला घडवले, तेव्हा माझ्यात एक खाच कोरली होती. तिच्यात रायफलचे पोलादी यंत्र बसे. कुवेतमध्ये, रिग्गई भागात राहणाऱ्या आमच्या मालकांनी माझ्यावर गाल टेकून नेमबाजीची बक्षिसे मिळवली. पुढे खाच सैल झाली, यंत्र हलू लागले आणि नेम चुकू लागला.

त्यावर उपाय असतो. खाचेत रेझिन, म्हणजे सुकल्यावर दगडासारखा घट्ट होणारा चिकट द्रव, भरून यंत्र दाबून बसवायचे. रेझिन सुकले की यंत्र उचलून काढायचे. खाचेला त्याचा नेमका आकार आलेला असतो. मात्र यंत्राला आधी मेण लावावेच लागते, नाहीतर ते कायमचे चिकटते.

घरचा ड्रायव्हर इद्रीस. त्याचा मेहुणा काशिफ रत्नागिरीहून आला होता. तिकडे तो होड्यांची भोके रेझिनने बुजवत असे. हे काम जमले तर त्याला घरातच ठेवू, नाहीतर परत पाठवू, असे मालक म्हणाले. काशिफने खाच घासून साफ केली, तेव्हा त्याचा सफाईदार हात पाहून त्यांनी शाबासकीही दिली. इद्रीसला ती इतक्या वर्षांत मिळाली नव्हती.

गॅरेजमध्ये इद्रीसने यंत्राला मेण चोपडले आणि तो चहा आणायला गेला. काशिफने ते मेण फडक्याने लख्ख पुसून काढले. होडीला तेलकट काही राहिले तर रेझिन धरत नाही, एवढेच त्याला ठाऊक.

इद्रीस दारात आला. त्याने फडके पाहिले. मला वाटले, आता सांगेल.

"दुल्हाभाई, चिकटेल ना नीट?" काशिफने बहिणीच्या नवऱ्याला विचारले.

"चिकटेल रे. तुझ्या बहिणीसारखं. जन्मभर सुटायचं नाही."

काशिफ हसला आणि त्याने यंत्र दाबले.

दुसऱ्या दिवशी ते निघेना. पोलाद वाचवा, लाकूड फोडा, असे मालक म्हणाले. छिन्नी काशिफच्याच हातात आली.

"मेण कशाला होतं ते सांगायचं ना, दुल्हाभाई," तो माझे तुकडे पाडत म्हणाला.

"तू विचारलंस? तुला तर सगळं येतं."

काशिफला विमानतळावर इद्रीसनेच सोडले. आता मी गॅरेजच्या दाराखाली पाचर म्हणून अडकलो आहे. गाडी पुसताना इद्रीस फोनवर बायकोला म्हणतो, "तुझ्या भावासाठी मी काय नाही केलं?"

मित्रांनो, लाकडाला तेल लावा, ते उन्हात टाकू नका. पण मी उन्हाने फुटलो नाही. शेजारी कोणी चुकताना दिसले, तर बोला. मला तोंड नव्हते. इद्रीसला होते.