बिनहातांचा पुतळा

"हा झगा कुणी शिवलाय, तेवढं मला सांग."

ताईने झगा खाटेवरून फेकला. तो खाटेखाली चपलांवर जाऊन पडला. शेजारच्या खाटेवरच्या आजी सूप प्यायच्या थांबल्या आणि चमचा तसाच धरून बघायला लागल्या.

"मी," ठकू म्हणाली.

"दवाखान्याच्या शिवणघरात आहेस ते ठाऊक आहे मला. पण हा? असला?"

"हाच. इथे सगळ्यांच्या अंगावर आहेत ते. काही माझ्या मशिनवरचे, काही शेजारच्या."

"आणि कधी स्वतः घालून बघितलास?"

ठकूने वाकून झगा उचलला, झटकला, घडी घातली.

सकाळचा प्रकार तिला परिचारिकेकडून कळला होता. काही दिवसांपूर्वी ताई घरी न्हाणीघरात घसरून पडली होती, डावा खांदा मोडला, शस्त्रक्रिया झाली. आता रोज व्यायामाच्या खोलीत जाऊन तो हात हलवून घ्यायचा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आत्ता हलवला नाही तर खांदा आखडेल आणि मग जन्मभर तसाच राहील. ती खोली दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाला होती. मधे तपासणीला आलेल्या लोकांचं मोठं दालन. घरचे कपडे वॉर्डात चालत नव्हते, म्हणून अंगावर दवाखान्याचा झगा. आज सकाळी वॉर्डातले शिपाई मामा तिची चाकाची खुर्ची ढकलत होते.

दालनाच्या मध्यावर कुणीतरी हाक मारली, "बाई!"

मिशीवाला धिप्पाड माणूस होता, कडेवर लहान मुलगी. "ओळखलंत का? मी रडक्या!"

ताईने सगळं आयुष्य बालवाडीत घालवलं होतं. शाळेच्या दारात पहिले दोन महिने आईच्या मानेला लटकून राहणारा रडक्या ती कसा विसरेल? भेटायला आलेल्या मुलासमोर ती कधी बसून राहत नसे. ती सवयीने उठली. झग्याचे बंद पाठीमागे होते. वरचा कुणीतरी घाईत बांधला होता, खालचा कुणीच नाही. ती उभी राहिली आणि झगा मागे उघडला. मागच्या बाकांवर ओळीने माणसं बसलेली. कुणी हसलं, कुणी खोकलं. ज्या माणसाला तिने चड्डीची नाडी बांधायला शिकवलं होतं, त्याने मान खाली घातली.

ताईने मामांना खुर्ची वळवायला लावली. व्यायाम राहिला.

"मी पुन्हा त्या दालनातून जाणार नाही," ती आता म्हणत होती. "हात राहिला तर राहिला."

"चादर गुंडाळून नेऊ ना वरून."

"मी गाठोडं आहे का? चादर धरायची कुणी? एक हात गळ्यात, एक खुर्चीवर. तिसरा देवाकडून मागवतेस?"

"ताई, ओरडू नकोस. लोक बघतायत."

"बघू दे की! सकाळी बघितलंच आहे सगळं."

शेजारच्या आजींना हसू फुटलं आणि त्या लगेच ओशाळल्या. ठकूचाही आवाज चढला. "माझ्यावर कशाला डाफरतेस? मी ठरवलं का? नमुना वरून येतो."

"वरून म्हणजे कुठून? ढगांतून?"

"स्टोअरच्या साहेबांकडून. त्याप्रमाणे एक शिवायचा, पुतळ्यावर चढवायचा. साहेब बघतात, ठीक आहे म्हणतात, मग बाकीचे."

"कसला पुतळा?"

"लाकडी. शिंप्याकडे असतो तसा."

"त्याला हात आहेत?"

ठकूला तो पुतळा डोळे मिटूनही दिसला असता. "नाहीत."

"पाय?"

"खाली दांडा आहे."

"मग त्याला झक्कास बसणारच गं! त्याला ना गाठ मारायची, ना खाली बसायचं, ना संडासला जायचं. लाजेचा तर प्रश्नच नाही." ताईचा आवाज फाटला. "लेकरांना मी अक्षरं नंतर शिकवली, ठकू. आधी स्वतःचं बटण स्वतः लावायला शिकवलं. एखाद्याला लागेना, तर मी त्याला वेंधळा म्हटलं नाही कधी. काजं बघायची. लहान असलं तर त्याच्या आईला सांगायची, जरा मोठं करून द्या. आणि माझ्याच पाठच्या बहिणीने..." ती कुशीवर वळली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ठकू शिवणघराकडे निघाली ती पाय आपटतच. ताईचा राग आला होता. बालवाडीतल्या पोरांसारखं सगळ्यांनाच शिकवायला बघते. जिन्यापर्यंत हा राग पुरला. मग तो आपोआप दुसरीकडे वळला, आणि तो कुणावर आहे हे कळल्यावर ती आणखी जोरात चालायला लागली.

जेवायच्या सुट्टीत शिवणघर रिकामं झालं. दाराची कडी मोडकी होती, म्हणून तिने दार लोटून त्याला कापडाचा गठ्ठा लावला. घरचे कपडे उतरवले. डावा हात कापडाच्या पट्टीने छातीशी बांधला आणि ढिगातला एक झगा घेतला.

एका हाताने अंगात चढवतानाच धाप लागली. मानेमागचा बंद बोटांना सापडला, पण एका हातात एकच टोक येत होतं. दुसरं टोक दातांत धरावं म्हटलं, तर ते पाठीवर. खालचा बंद कुठे गेला तेच कळेना. ती स्टुलावर बसली. मागून झगा सरकला आणि थंडगार पत्रा अंगाला लागला. ती दचकून उठली. हे बंद तिनेच लावले होते. टीप सरळ आली की तिला बरं वाटायचं.

तेवढ्यात गठ्ठा सरकला. चष्मा विसरलेले कटिंगमास्तर दार ढकलून आत आले. समोर बघितलं आणि गर्रकन भिंतीकडे वळले. "अहो ठकूताई, हे काय सोंग!"

"तोंड का फिरवलंत, मास्तर?"

"म्हणजे काय? तुम्ही अशा..."

"पुतळ्यावर चढवताना तर कधी फिरवलं नाहीत."

मास्तर भिंतीकडे बघतच राहिले. तिने घरचे कपडे घातले, मगच त्यांना वळायला सांगितलं.

"इतकी वर्षं झाली, एक तक्रार नाही आली," ते टेबलावरचा चष्मा उचलून पुसत पुटपुटले.

"कोण करणार? जो घालतो त्याला ताप असतो, नाहीतर भीती असते. बरा झाला की घरी पळतो. बरा झालाच नाही, तर कुठून येऊन सांगणार?"

"कुणीतरी एकदा बोलायला नको?"

"आपण एकदा विचारायला नको?" ठकू म्हणाली. "वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे, मास्तर. दुसऱ्या गावाला नाही."

मास्तरांनी कात्री उचलली, परत ठेवली. मग जुन्या कापडाचा एक तागा ओढून तिच्या टेबलावर आणून टाकला.

संध्याकाळी ती पहिल्यांदा वॉर्डात विचारायला गेली. परिचारिका आधीच कावलेली होती. "मागे उघडा असतो तो आमच्यासाठी. कूस बदलायची, पाठ पुसायची, भांडं द्यायचं. उठवता येत नाही अशा माणसाला काय डोक्यावरून काढू? मागचं शिवून बंद केलंत, तर मी कात्रीने फाडीन हां, आत्ताच सांगते."

"बंद नाही करत. उघडेल. पण तुम्ही उघडाल तेव्हा. आपोआप नाही."

परिचारिकेने तिच्याकडे नीट बघितलं. "तसं जमलं तर मला हवंच आहे," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "दिवसभर मीच लोकांच्या मागे चादरी धरत फिरते."

धुलाईघरातल्या बाईने ठणकावलं, की बटणं लावायची नाहीत, इस्त्रीच्या यंत्रात ती फुटतात. मामा म्हणाले, झगा फार लांबही नको, खुर्चीच्या चाकात जातो.

ठकूने मागच्या दोन्ही बाजू रुंद कापल्या, एकीवर दुसरी पुरी चढेल अशा. बंद लांब करून कमरेवरून पुढे आणले. मोठ्या आशेने ती झगा घेऊन ताईकडे गेली. ताईने उजव्या हातात दोन्ही टोकं धरली. एक सुटलं. पुन्हा धरली. दोन्ही सुटली.

"जमत नाही," ताई म्हणाली.

"थांब, मी बांधते."

"तू बांधणार असलीस तर जुना काय वाईट होता?"

ठकूच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. "रोज डॉक्टर येऊन ओरडतायत! हात कामातून चाललाय तुझा! एकदा जा ना गं, आहे त्यात. कोण कुठली माणसं, कुणाला काय पडलंय?"

"मला पडलंय."

एवढं बोलून ताई उठून बसली. तिने ते बंद बोटांनी चाचपून पाहिले. मग तिचा आवाज बदलला. बालवाडीत हट्टाला पेटलेल्या पोराजवळ बसताना लागायचा तो. "हे बघ. लहान मुलाच्या एका हातात नेहमी काहीतरी असतं. खाऊ असतो, दगड असतो, आईचं बोट असतं. त्याला गाठ मारायला सांगून कसं चालेल? एका हाताने काय लावता येतं?"

"घुंडी," ठकू म्हणाली.

"कापडाची कर. माझ्या अंगठ्याएवढी. आणि फास ढिला ठेव, डोळ्यांनी न बघता सापडेल असा."

ते दोन्ही करायला आणि धुलाईतून काढून बघायला आणखी काही दिवस गेले. तोवर ताई खाटेवरून हलली नाही. डॉक्टर रागावले, मग रागवायचेही थांबले.

नवा झगा आला तेव्हा ताईने पडदा ओढून घेतला. ठकू बाहेर उभी राहिली. आतून कापडाची सळसळ, मग काहीच नाही, मग एक चडफड.

"मदत करू?"

"हात लावायचा नाही!"

पडदा सरकला. कमरेवरची घुंडी फासात होती, खांद्यावरचीही. ताईने एकदा बसून बघितलं, उठून बघितलं, मागे हात फिरवून बघितला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अगं, मला पण कर की असा." मामांनी खुर्ची आणली. ती तिने परत पाठवली आणि पूर्ण दालन चालत ओलांडलं. बाकांवरच्या कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

व्यायामाच्या खोलीत हात खांद्याच्या पातळीपर्यंत आला आणि अडला. व्यायाम घेणाऱ्या बाईने हळूच, मग जोर लावून पाहिलं. ताईच्या कपाळावर घाम आला.

"आठवडाभर आधी आला असता," ती बाई म्हणाली, "तर वरपर्यंत गेला असता. आता एवढाच राहील."

ताई वॉर्डात परतली. खाटेवर बसल्यावर तिने फणी ठकूच्या पुढे केली. "केस तू विंचर, वेणी एका हाताने होत नाही. आता रोज कुणाला तरी सांगायला लागणार."

ठकूने केस विंचरले. भांग वाकडा पडला तरी ताई काही म्हणाली नाही, आणि तिने काही न म्हणणं ठकूला सोसवेना.

तिथूनच ठकू नव्या झग्याचा धुतलेला दुसरा नमुना घेऊन स्टोअरच्या साहेबांकडे गेली. मास्तर बरोबर आले. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, झगा पुतळ्यावर चढवला, दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"छान आहे. पण जुनाही असाच बसतो की. मला काही फरक दिसत नाही."

"पुतळ्यावर नाहीच दिसणार, साहेब."

"ह्याला कापड जास्त लागतं. या वर्षीचं कापड बेतून आलंय. पुढच्या खेपेला विचार करू. तुमच्या बहिणीपुरता वापरा ना, माझी काही हरकत नाही."

"बहीण उद्या घरी जाईल. तिच्या खाटेवर दुसरं कुणीतरी येईल. त्याची बहीण शिवणघरात नसली, तर त्याने काय करायचं?"

"ठकूताई, चिडू नका."

"तुम्ही एकदा घालून बघा, साहेब. जुना. आणि ह्या खोलीतून त्या दालनापर्यंत जाऊन या."

"मी?" साहेब हसले. "मी काय आजारी आहे?"

"व्हाल," ठकू म्हणाली.

मास्तरांनी श्वास रोखला. साहेबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, आणि मग ते कागदांकडे बघायला लागले. "पुढच्या खेपेला म्हटलं ना," ते म्हणाले.

ती बाहेर पडली. रागाने कानशिलं तापली होती. मास्तर मागून काहीतरी समजावत होते, ते शिवणघराच्या दाराशी थांबले. ती थांबली नाही.

लांब व्हरांड्यात पुढे एक म्हातारे गृहस्थ चालले होते. एका हाताने सलाईनची चाकाची काठी ढकलत होते, दुसरा हात पाठीमागे नेऊन झग्याची दोन्ही टोकं मुठीत धरली होती. काठीचं चाक फरशीच्या फटीत अडलं. ते सोडवायला त्यांना दुसरा हात लागला. मूठ सुटली. समोरून लोक येत होते, मागूनही.

ठकू झपाझप पुढे झाली आणि त्यांच्या पाठीशी, अगदी जवळ जाऊन उभी राहिली. त्यांना पावलांचा आवाज आला असावा. चाक सुटल्यावर ते अंग चोरून भिंतीकडे सरकले.

"मी हळू चालतो, बाई. तुम्ही जा पुढे."

"नाही, नाही. तुम्ही चला," ती म्हणाली. "मला तिकडेच जायचंय. मी मागेच आहे."

ते चालू लागले. तिने आपली पावलं त्यांच्या पावलांइतकी लहान केली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत, त्यांच्या वॉर्डाच्या दारापर्यंत, एक हातही अंतर पडू न देता त्यांच्या मागोमाग चालत राहिली.