झाकायचं की पुसायचं

टॉबीने लॅपटॉपची वायर भिंतीवरच्या पडद्याला जोडली आणि वाकून एकदा हलवून पाहिली. मेलबर्नहून आलेला हा तिसरा विक्रेता. आधीच्या दोघांनी अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या उन्हाचं कौतुक करण्यात निम्मा वेळ घालवला होता. हा निदान कामाला लागला. विद्यापीठाची वेबसाइट चालवायला नवी प्रणाली निवडायची होती. समिती मोठ्या लोकांची, पण प्रणाली रोज हाताळायची होती रेलीनला. म्हणून शेवटचा शब्द तिचा, असं अध्यक्ष लिंडसे यांनी ठरवून टाकलं होतं.

रेलीनला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आई गेल्यापासून कशाचंच वाटत नव्हतं. कामावर यायचं, कुणी विचारलं तर ठीक आहे म्हणायचं.

आई याच विद्यापीठात आपली, म्हणजे इथल्या मूळ आदिवासींची, भाषा शिकवायची. तिचं नाव इथे येणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं, चेहरा पाहायचा नसतो, घरची वडीलधारी माणसं सांगेपर्यंत. दफनाआधीच मर्लमावशी म्हणाली होती, वेबसाइटवरचे तिचे फोटो आणि तिच्या आवाजातले धडे झाकून ठेव, पुढे पोरांना लागतील. रेलीनने त्याच दिवशी ते काम केलं. चेहरा दिसू नये म्हणून पडद्यावर तळहात धरला आणि अंदाजाने बटण दाबत गेली. झाकायचं बटण आणि पुसायचं बटण शेजारी शेजारी होती. हात काढून पाहिलं तर झाकलेलं काहीच नव्हतं. सगळं पुसलं गेलं होतं. आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं नाही, मावशीला तर नाहीच.

मर्लमावशीही समितीत होती, समाजाची ज्येष्ठ म्हणून. ती रेलीनच्या शेजारीच बसली होती.

टॉबी सांगत होता की त्याची प्रणाली जुनं सगळं आपोआप आणते, अगदी टाकून दिलेलंसुद्धा. विद्यापीठाचीच काही पानं त्याने नमुना म्हणून आणून ठेवली होती.

भिंतभर आई आली. खाली ठळक अक्षरांत नाव. मग आवाज. आई एक शब्द बोलली आणि विद्यार्थ्यांनी तो म्हणावा म्हणून थांबली.

"बंद करा ते," लिंडसे म्हणाले. भिंत पांढरी झाली. काय झालं ते टॉबीला कळेना. लिंडसे त्याला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. बाकीचेही चहाच्या निमित्ताने उठले.

मावशीची नजर जमिनीवर होती.

"टाकून दिलेलं आणतो म्हणाला तो. मी झाकायला सांगितलं होतं."

"माझ्या हातून पुसलं गेलं, मावशी. न बघता दाबलं मी."

"तरीच तू जेवत नव्हतीस," मावशी म्हणाली.

टॉबी परतला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. तो माफी मागत राहिला. रेलीनने त्याला मध्येच थांबवलं.

"सगळे धडे आहेत का? की एवढाच?"

"सगळे आहेत. मी आता बंद केलेत. तुम्ही म्हणाल तेव्हाच उघडतील."

तो गेल्यावर लिंडसेंनी जाहीर केलं की ही कंपनी बाद. इतरांनी माना डोलावल्या. आधीच्या दोघांपैकी रेलीनला हवी ती घेऊ, ते म्हणाले.

"हीच घ्या," रेलीन म्हणाली.

"अगं, भिडेखातर बोलू नकोस. एवढं झाल्यावर?"

"हीच." दफनाच्या दिवशीही जे आलं नव्हतं ते रडू आता सगळ्यांसमोर आलं.

लिंडसे पेन हातात धरून बसले. निवडीचं कारण लिहिल्याशिवाय कागद वर जात नसे.

"लिहा, वापरायला सोपी वाटली," मर्लमावशी म्हणाली. तिने आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता.

लिंडसेंनी तेच लिहिलं.