पिसिलाची मोगरी

"लुपे, तुझी मोगरी झोपली का गं?"

एलेनोआ म्हातारीनं मान वर न करताच विचारलं. हातातल्या शिंपल्यानं ती झाडाच्या सालीची पाठ खरवडत बसली होती. डोळे सालीवर होते, पण कान चारी ओंडक्यांवर. एकेका ओंडक्यावर दोघी दोघी समोरासमोर. एकीची मोगरी खाली आली की दुसरीची वर, आणि मध्ये ओली साल पसरत पसरत कापड होत जायची. एक जरी मोगरी मागं पडली तरी म्हातारीला ते जेवणात खडा लागल्यासारखं कळायचं.

"झोपली न्हाई, वयनी," लुपेच्या समोर बसलेल्या पिसिलानंच उत्तर दिलं. "हिचा नवरा रातभर घोरतोय. मोगरीचा डोळा लागला न्हाई, म्हून जरा जांभई दिली तिनं."

बायका हसल्या. लुपेही तोंडानं हसली. उजव्या खांद्यात आत कुठंतरी कुणी बोथट सुरीनं खरडल्यासारखं होत होतं, पण दुखतंय असं म्हणायची सोय नव्हती.

"मी तिला इचारलं, तुला न्हाई," म्हातारी म्हणाली. "औंदा पाळी तिची हाय. तिनं जागं ऱ्हायला पायजे."

बेटावरच्या त्या गावात पाळीचा कायदा असा होता. सगळ्या बायकांनी मिळून वर्षाला एकीचं मोठं कापड करायचं. खळ लावून चिकटवायचं, रंगवायचं, ते सगळ्यांनी. पण सालीच्या ज्या पांढऱ्या पट्ट्यांतून ते कापड उभं राहायचं, त्यातला निम्मा वाटा पाळीवालीनं आपल्या हातानं बडवून आणायचा. नाही आणला तर पाळी पुढचीला गेली, आणि मागं राहिलेलीनं पुन्हा सगळ्यांची फेरी होईपर्यंत वाट बघायची. लुपेच्या सेइनीचं लग्न ठरलं होतं. थंडीचे दिवस सरले की लग्न. नवऱ्याकडची माणसं पलीकडच्या गावातली, हात पसरून कापडाची लांबी मोजणारी. पोरीच्या पायाखाली काय अंथरलं यावरून तिची आई कोण ते ठरवणारी.

आणि लुपेचा खांदा तीन वर्षांपासून गेलेला. पडली नाही, धडपडली नाही. पोरवयापासून मोगरी उचलून उचलून आतली शीर झिजली होती, होडीच्या काठावर घासून दोर झिजतो तशी. एक दिवस भुईतल्या भट्टीवरची टोपली उचलून डोक्यावर घ्यायला हात वर केला आणि तो खाली येईना. दुखणं हत्तीच्या पावलानं आलं ते आलं, जाताना मुंगीच्या पावलानंसुद्धा जायचं नाव घेईना.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं चित्र दाखवलं. कापून शिवायचं तर समुद्रापलीकडं ऑकलंडला जावं लागेल, पुढं कितीतरी महिने हात झोळीत, वर्षभर मोगरीचं नाव काढायचं नाही, आणि एवढं करून तुमच्या वयाला शीर धरेलच असं नाही. लुपे म्हणाली, मग कशाला कापता? डॉक्टरही म्हणाला, नकोच. सांभाळून घ्या.

सांभाळायचं कसं, ते तिथल्या व्यायामवाल्या बाईनं शिकवलं. पोरगेलीशी होती, पण हात लावायची तो मायेनं. भिंतीपुढं उभं राहून बोटं खेकड्यासारखी वर वर चालवायची. टेबलावर वाकून हात लोंबता सोडायचा आणि विहिरीच्या बादलीसारखा हलवायचा. सायकलच्या ट्यूबची पट्टी दाराच्या कडीला बांधून ओढायची, पण कोपर आणि बरगडीच्या मध्ये कापडाची गुंडाळी दाबून धरायची. गुंडाळी पडली की चुकलं. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. आणि थोडे दिवस मोगरीला हातच लावायचा नाही.

बाकीचं सगळं लुपेनं इमानानं केलं. तिला भिंतीवर बोटं चालवताना बघून फेलेती, तिचा नवरा, म्हणायचा, "पाली पकडतीस व्हय गं? कोपऱ्यात एक मोठी हाय बघ." शेवटचं मात्र जमेना. एकदा तिनं डाव्या हातानं बडवून बघितलं. साल मधोमध फाटली आणि मोगरी पिसिलाच्या बोटांवर बसली.

बोटं तोंडात धरून पिसिला म्हणाली, "खांदा तुझा, बोटं माझी. दोघी मिळून एक लंगडी बाई हुतीया बघ आपली."

त्याच संध्याकाळी पिसिलानं लुपेच्या भिजत घातलेल्या साली केळीच्या पानात गुंडाळल्या आणि काखेत मारून घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पांढऱ्या पट्ट्या होऊन त्या लुपेच्या पडवीत आल्या. लुपे काही बोलायच्या आत पिसिला म्हणाली, "गप. खांदा कसा हाय?"

"हाय तसाच."

"मग झालं तर."

असं कितीतरी महिने चाललं. पिसिला पहाटे आपल्या परड्यात लुपेचा वाटा बडवायची, आणि दिवसा ओंडक्यावर लुपेसमोर बसून आपला. लुपे ओंडक्यावर मोगरी वरखाली करायची, जोर लावायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पट्ट्यांचा भारा पडवीत वाढत होता, सेइनी तो येता-जाता हातानं चाचपून बघत होती, आणि पाळी राहणार असं दिसत होतं.

मग एका शनिवारी पिसिला कोनफळं खणायला शेतात गेली. तांबड्या मातीत खणती रोवली, वाऱ्याला पाठ करून बांधावर जरा टेकली, आणि टेकली ती कलंडलीच. माणसं पोचली तेव्हा तिच्या मुठीत माती होती आणि ऊन अजून तिच्या अंगावर होतं.

गावात मयत झालं की मोगरी बंद. दहावी रात्र सरेपर्यंत कुठल्याच परड्यात ठक् असा आवाज निघायचा नाही. त्या संध्याकाळी डुकरांचं घुरघुरणं आणि समुद्र सोडून काही ऐकू येत नव्हतं. लुपेनं काळं नेसलं, वर सुतकात गुंडाळतात तशी फाटकी मोठी चटई कमरेला गुंडाळली आणि मयताच्या घरी जाऊन बसली. बायका रडत होत्या, तिला रडू येईना. पिसिलाच्या लेकीनं गळ्याला मिठी मारली, तिनंही तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि आपला हात कुणा दुसऱ्याचाच आहे असं तिला वाटलं. आत सगळं बधिर होतं. दात काढायला सुई दिल्यावर गाल होतो तसं.

"दगडावानी बसलीया," कुणीतरी कुजबुजलं. "ओंडक्यावरची जोडीदारीण गेली, पर डोळ्याला टिपूस न्हाई."

लुपेनं ते ऐकलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

घरी येऊन तिनं पडवीतला पट्ट्यांचा भारा बाहेर ओढला. डाव्या हातानं, कारण सवय तशी लागली होती. फेलेती बघत राहिला.

"कुठं निघालीस?"

"तिच्याकडं."

"समदा?"

"समदा."

सेइनी दारात आली. पोरगी समजूतदार होती, पण लग्न तिचं होतं. "आई, आपल्या घरची नवी चटई दे की. चांगली हाय. मयताला समदे तेवढंच देत्यात."

"चटई पण देऊ."

"मग लग्नाचं काय?"

"बघू," लुपे म्हणाली. तिला खरंच काही दिसत नव्हतं, पुढचं ना मागचं. भारा फेलेतीनं उचलला. बायकोच्या पोटात काय आहे ते कळत नसलं, तरी तिच्या खांद्याला ओझं झेपणार नाही एवढं त्याला कळत होतं.

पिसिलाच्या घरी बायका अंगणात बसल्या होत्या. लुपेनं भारा एलेनोआपुढं ठेवला. पाळी जाणार हे तिला ठाऊक होतं, आणि आता जे बोलायचं त्यानं इज्जतही जाणार हे सुद्धा.

"ह्या तिच्याच हायती, वयनी. तिनंच बडवल्याल्या. माझ्या म्हून दावत हुते, पर माझ्या न्हाईत."

म्हातारीनं एक पट्टी उचलली, उजेडाला धरली, बोटानं तिची कड चाचपली.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? कान हायती की. पिसिलाची मोगरी पडायची तशी दुसऱ्या कुणाची पडती गं ह्या गावात? दोन लहान, एक मोठा, दोन लहान, एक मोठा. रोज पहाटं तिच्या परड्यात वाजायची आणि दिवसा तुझी मोगरी नुसती ओंडक्याला मुका द्यायची. कोंबडं झाकून ठिवलं म्हून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय?"

लुपेनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. एकीएकीनं नजर खाली घेतली. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रत्येकीचा ठोका प्रत्येकीला ओळखू येतो अशा गावात आपण आवाज लपवायला निघालो होतो, तोही मोगरीचा. दोघीही शहाण्या म्हणायच्या.

"मग बोलला का न्हाई कुणी?"

"बोललं असतं तर बंद करावं लागलं असतं," एलेनोआ म्हणाली आणि खळीचं भांडं पुढं ओढलं. "चला गं. चिकटवायला आवाज हुत न्हाई."

ओंडक्यांवरच्या आठातल्या उरलेल्या सात बायकांनी आणि म्हातारीनं अंगणात पट्ट्या जोडल्या. कडेवर कड ठेवून, खळ लावून, तळहातानं दाबत. रंगवायला वेळ नव्हता, म्हणून कापड पांढरंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पिसिलाला त्याच्यावर निजवली आणि त्याच्यासकट वाळूतल्या खड्ड्यात ठेवली. सेइनीच्या पायाखाली अंथरायचं ते कापड. लुपे काठावर उभी होती. बाकीच्या बायकांनी गाणं उचललं तेव्हा तिनंही तोंड हलवलं.

पुढचे दिवस नुसते येत गेले. मोगरी बंद, म्हणून लुपेला कामच नव्हतं. ती भिंतीवर बोटं चालवायची, हात लोंबता सोडून हलवायची, गुंडाळी दाबून ट्यूब ओढायची. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून पुन्हा तेच करायची. फेलेती आता पालीचं काही बोलत नव्हता. एका सकाळी केस बांधताना दोन्ही हात डोक्यामागं गेले, गाठ बसली, आणि हात खाली आल्यावर तिच्या ध्यानात आलं की दुखलं नाही. हे सांगायला ती पडवीत आली. पडवीत कुणी नव्हतं. मग ती परत आत गेली.

दवाखान्याची तारीख होती म्हणून गेली. व्यायामवाल्या बाईनं हात वर करायला लावला, मागं न्यायला लावला. तिचा चेहरा उजळला.

"मावशी, किती फरक हाय बघा. शेवटी आराम दिलाच न्हवं? मी म्हणतच हुते. कसं जमवलं?"

"मोगरी बंद हुती."

"लई शाबास. बायकांना सांगून सांगून थकते मी, कुणी ऐकत न्हाई. हे असंच चालू ठिवा."

लुपेनं मान हलवली. त्या पोरीचा काय दोष, तिला कुणी सांगितलं होतं? बाहेर फेलेती झाडाखाली बसला होता.

"काय म्हणली?"

"शाबास म्हणली."

दहावी रात्र सरली. सकाळी गार वारा सुटला होता आणि साली वाळवायला ऊन चांगलं होतं. एकेका परड्यातून ठोका उठू लागला. लुपे ओंडक्यापाशी जाऊन बसली. समोरची जागा मोकळी होती. पाळी पुढं गेली असणार, तेव्हा आता दुसरीच्या कापडासाठी बडवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

एलेनोआ गुडघ्यांवर हात टेकत टेकत आली आणि समोरच्या जागेवर बसली. म्हातारीनं कित्येक वर्षांत मोगरी धरली नव्हती.

"वाटा रिकामा हाय तुझा," ती म्हणाली.

"व्हय. पाळी जाऊ द्या पुढं."

"जाऊ द्या म्हणणारी तू कोण? पाळी लेकीसाठी असती. पाळी ऱ्हाईल. पर ह्यापुढं तुझ्या हातानं जेवढं हुईल तेवढंच कापड. लपून न्हाई, छपून न्हाई. दोन माणसं बसतील एवढं झालं तर तेवढं. नवरा-नवरी दोघंच असत्यात की."

"नवऱ्याकडची माणसं लांबी मोजत्यात, वयनी."

"मोजू देत. त्यांचा खांदा दुखत न्हाई." म्हातारीनं मोगरी उचलली. "मार. तुझ्या चालीनं. मी तुझ्या मागनं येते, मला बी आता उड्या मारवत न्हाईत."

लुपेनं गुंडाळी बरगडीशी दाबली आणि मोगरी उचलली. जोर लावून, खरी. तिची एक पडली, म्हातारीची एक. बाकीचे ओंडके भरभर वाजत होते आणि हा एकटाच संथ. साल हळूहळू पसरू लागली. चार-पाच बोटं रुंद झाली असेल नसेल, तेवढ्यात खांद्यात आत ती बोथट सुरी फिरली. ओळखीची, जुनी. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काहीतरी दुखलं.

मोगरी तिच्या हातातून मांडीवर आली. आणि मग तिला रडू फुटलं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखं. बाकीचे ओंडके थांबले.

एलेनोआनं आपली मोगरी खाली ठेवली. तिनं डोळे पुसले नाहीत की जवळ घेतलं नाही.

"खांदा कसा हाय?" तिनं विचारलं.

"दुखतोय," लुपे म्हणाली.

"मग थांब जरा."

दोघी थांबल्या. साल वाळू नये म्हणून म्हातारीनं तिच्यावर पाणी शिंपडलं. थोड्या वेळानं लुपेनं नाक पुसलं, पडलेली गुंडाळी उचलून पुन्हा कोपराखाली धरली आणि मोगरी उचलली.