सतरा नंबरचं पिस्तूल

“सगळी सारखीच आहेत. कुठलंही उचल,” आर्लीन म्हणाली. काउंटरवर टॉवेल पसरून तिने सहा पिस्तुलं ओळीने मांडली.

“यात सतरा नंबर आहे का?”

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गावातलं बंदुकांचं एकुलतं एक दुकान तिचं. शेरीफच्या पोलीस खात्याने नवी पिस्तुलं घेतली तेव्हा जुनी सगळी बदल्यात तिच्याकडे आली होती. प्रत्येकाच्या पाठीवर ज्याचा त्याचा खात्यातला नंबर कोरलेला होता.

“वेंडेल, सतरा रॉइसचं आहे.”

“माहितेय मला.”

“निवृत्त होणाऱ्याला आपलं पिस्तूल खात्याकडून विकत घेता येतं. पण नाव द्यायची तारीख होती, त्याची ती हुकली. दोन आठवडे मी बाजूला ठेवलंय. तीनदा फोन केला, उचलत नाही.”

“मग? तू माल विकायला ठेवलायस की राखायला?”

आर्लीनने काउंटरखालून ते काढलं, माझे कागद भरून घेतले, माझ्या नावावर गुन्हा वगैरे नाही ना, याची फोन करून चौकशी केली आणि पिस्तूल खोक्यात घालून पुढे सरकवलं. “चांगलं वापर,” एवढंच म्हणाली. पण ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मला मुळीच आवडला नाही.

आता तारीख का हुकली, तर त्या शुक्रवारी रॉइस हार्टसॉक कोलंबस शहरातल्या इस्पितळात बायकोच्या उशाशी बसला होता. आठवड्याने नदीन गेली. हे मला ठाऊक होतं. तरी घेतलं.

रॉइस आणि मी एकाच गल्लीतले. कुरणातल्या घुशी मारायला आम्ही बरोबर जायचो आणि नेम माझा चांगला होता, हे तोही कबूल करेल. चोविसाव्या वर्षी दोघांनी शेरीफच्या खात्यात अर्ज केला. जागा एक. नेमबाजीच्या परीक्षेत खात्याच्या हत्याराचा तो जड, रडका चाप मी हिसडला आणि एक गोळी, फक्त एक, कागदाच्या बाहेर गेली. रॉइसला बिल्ला मिळाला. मला कौंटीच्या रस्त्यांवर बर्फ ढकलायची गाडी मिळाली. एकतीस वर्षं पहाटे चारला उठून मी या लोकांच्या दारातला बर्फ काढला. पण खानावळीत कॉफी फुकट कोणाला? रॉइसला. येणारा जाणारा हात कोणाला करतो? रॉइसला. अगदी खरं सांगतो, नदीनच्या अंत्ययात्रेतही मी जळलो. पोलिसांच्या दिवे लावलेल्या चौदा गाड्या चर्चपर्यंत सावकाश गेल्या. माझी व्हर्ना गेली तर मागे कोण येणार, बर्फावर मीठ टाकणारा ट्रक?

तर ते पिस्तूल. पोलिसाचं हत्यार बाहेरून झिजतं, आतून नाही. रोज कमरेला घासून कडांचा काळा रंग उडालेला असतो, पण गोळ्या झाडतात वर्षातून दोनदा, परीक्षेपुरत्या. मी ते तळघरात उघडलं. आत लोकरीचे धागे होते, वाळू होती आणि बिस्किटाचा चुरा होता. नळी मात्र आरशासारखी. चाप तसाच जड आणि खरखरीत, अगदी तोच. म्हटलं, ये बाबा, आता तू आहेस आणि मी आहे.

जून आणि जुलै त्याच्यावर गेले. आतले घासणारे भाग कापूस आणि पॉलिश घेऊन चकाकेपर्यंत घासले. स्प्रिंगा बदलल्या. नेम धरायला वर पोलादी तुकडे असतात, त्यांतले अंधारात चमकणारे ठिपके विझून गेले होते, ते तुकडे काढून नवे बसवले. प्लॅस्टिकची मूठ गुळगुळीत झाली होती, तिच्यावर तापल्या सळईने बारीक टिपके मारले, एकेक करून, चार संध्याकाळी. मग वरचं पोलाद घासलं. कायद्याचा नंबर खाली असतो, त्याला हात लावायचा नसतो. पण सतरा हे नुसतं खात्याचं होतं. ते मी घासून सपाट केलं आणि त्यावर राखाडी रंगाचा थर दिला. तो थर भाजून पक्का करावा लागतो. म्हणून रविवारी व्हर्ना चर्चला गेल्यावर ते पोलाद मी तिच्या ओव्हनमध्ये टांगलं.

ती लवकर परत आली.

“हा कसला वास? वेंडेल! माझ्या ओव्हनमध्ये काय घातलंयस?”

“दोन तासांचं काम आहे. खिडकी उघड.”

तिने दार उघडून आत पाहिलं आणि पर्स टेबलावर आपटली. “हे रॉइसचं ना? खोटं बोलू नकोस, आर्लीनने सांगितलंय मला.”

“आता माझं आहे. पैसे मोजलेत.”

“दुसऱ्याचं उष्टं ताट घासून पुसून आपलं म्हणून मिरवणार तू! तो माणूस घरात एकटा भिंतीकडे बघत बसलाय. जा, देऊन ये त्याला.”

“त्याला हवं असेल तर तो येईल.”

“आणि आला तर?”

“तेव्हा बघू.”

“बघशील तू! एकतीस वर्षं त्याच्या नावाने तुझ्या पोटात दुखतंय. आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नाही.” मग खिडकी उघडता उघडता म्हणाली, “रात्री डुकराचं मांस भाजणार होते. आता सँडविच खा.”

सँडविच खाल्लं. खरं तर तो यावा हीच माझी इच्छा होती. त्याने यावं, मागावं, आणि मी नाही म्हणावं. आयुष्यात एकदा रॉइस हार्टसॉकला कोणीतरी नाही म्हणायला हवं होतं, आणि ते मी म्हणणार होतो.

तो आला सप्टेंबरमध्ये, नेमबाजी क्लबच्या स्पर्धेला. पाच पोलादी थाळ्या, शिट्टी वाजली की पाडायच्या, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. बक्षीस म्हणजे धुरावलेलं अख्खं हॅम, डुकराची मांडी. एकोणीस वर्षांत ते मला एकदाही मिळालं नव्हतं. त्यातली अकरा रॉइसने नेली होती.

त्याचा शर्ट अंगावर लोंबत होता. नेमबाजी नको, मी घड्याळ धरतो, असं त्याने आधीच सांगून टाकलं होतं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “वेंडेल, माझं सतरा तुझ्याकडे आहे म्हणे.”

“आहे.”

“मला ते परत हवं होतं रे. तू दिलेस त्याच्या दुप्पट देतो.”

“आधी स्पर्धा होऊ दे,” मी म्हणालो. आवाज इतका गोड काढला की माझाच मला राग आला.

शिट्टी झाली. चाप लोण्यासारखा सरकला. टंग, टंग, टंग, टंग, टंग. हिसडा नाही, काही नाही. रॉइसने घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, “तीन पूर्णांक एक सेकंद! अरे लेका, क्लबमधला सगळ्यात चांगला वेळ आहे हा!” त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. मी नीट बघितलं, कुठेतरी कडवटपणा दिसावा म्हणून. नव्हता.

हॅम मला मिळालं. दोघांनी पाठ थोपटली आणि सगळे गेले रॉइसच्या भोवती. कसा आहेस, जेवतोस का, आमच्याकडे ये. हॅम काखोटीला मारून मी एकटा उभा.

थोड्या वेळाने तोच आला. मी पिस्तूल रिकामं करून त्याच्या हातात दिलं. ‘नाही’ जिभेवर तयार होतं. त्याने ते उलटंपालटं केलं. मुठीवरचे टिपके अंगठ्याने चाचपले. पाठीवर जिथे सतरा होतं तिथे त्याचं बोट बराच वेळ फिरत राहिलं. मग जमिनीकडे धरून त्याने रिकामा चाप ओढला.

“सुंदर केलंयस,” तो म्हणाला. “खात्यात असा चाप असता तर परीक्षेत तूच मला हरवलं असतंस.”

त्याला ते आठवत होतं! माझ्या तोंडून एकदम भलतंच निघालं. “घेऊन जा. पैसे नकोत.”

“नको रे. दोन महिने मेहनत घेतलीस तू. यात माझं आता काय राहिलंय? हे तुझंच झालं.” मग जरा घुटमळला. “काढलेले भाग ठेवलेस का?”

ते कोणी फेकत नाही. पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक मागतंच. माझ्या पेटीत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे होते. त्याने ती पिशवी पिकअपच्या मागच्या फळीवर उपडी केली, स्प्रिंगा बाजूला सारल्या आणि पुढचा जुना ठिपका उचलला. नखाएवढा तुकडा. त्यावर लाल रंगाचा पुसट थेंब होता. काढताना मला तो साधा ओशट डाग वाटला होता.

“ठिपके विझल्यावर खात्याने नवे दिले नाहीत,” रॉइस म्हणाला. “दर वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी नदीन नखांचा रंग लावून द्यायची. म्हणायची, मी दिसते ना, मग नेम चुकायचा नाही. एवढा घेऊ का मी?”

“घे ना,” मी म्हणालो. “घे.”

त्याने तो रुमालात गुंडाळला, शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, “थँक्यू, वेंडेल. फार उपकार झाले.” आणि जेवायला टेबलाकडे गेला. तिथे बायकांनी त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं.

मी स्प्रिंगा गोळा करून पिशवीत भरल्या. पिस्तूल माझं होतं, हॅम माझं होतं, क्लबमधला सगळ्यात चांगला वेळही माझा होता. तरी टेबलाशी बसलेल्या त्या माणसाच्या खिशाकडे माझी नजर पुन्हा पुन्हा जात होती आणि पोटात जळत होतं, पूर्वी कधी जळलं नव्हतं इतकं. व्हर्ना आली, हॅम माझ्या हातातून घेतलं आणि काही न विचारता गाडीत ठेवलं.