कासेवरचा हात

"कस्तुरे, धार काढ. तोंड उघडू नको," आबासाहेब हळूच म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळून हसले.

कस्तुराबाईने गाईच्या कासेला हात लावला. कास दगडासारखी टणक. दोन दिवस तरी कुणी पिळलेली नव्हती; एका धारेला चरवी भरावी म्हणून दूध तुंबवलेलं. पलीकडे खुंट्याला वासरू, तोंडाला मुसकं. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. कस्तुराबाईचं स्वतःचं पोर चार महिन्यांचं. वासराकडे पाहता पाहता तिची चोळी ओली झाली.

वऱ्हाडच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका बसला, तेव्हा बोरखडीत एक विहीर आणि कस्तुराबाईची झोपडी, एवढंच होतं. परवान्यासाठी जनावरांचे कळप थांबत, ही पाणी पाजी. पाण्यापाशी सौदे व्हायला लागले. मग पेंडीची दुकानं आली, चहाची भट्टी आली, जिंतूरचे बांगडीवाले आले. दुभतं जनावर घेणारा हिलाच धार काढायला सांगे, कारण ही ना देणाऱ्याची, ना घेणाऱ्याची. संध्याकाळी एक धार, सकाळी एक. मग तिचा शब्द पक्का. नवरा पावसाळ्यात पटकीने गेला, तरी या शब्दावर चूल पेटत होती. आता बाजाराचा ठेका आबासाहेबांकडे होता. झोपडीची जागा त्यांची, आणि आजची गायही त्यांचीच.

घेणारे माणिकराव पार पोखर्णीकडून आले होते. "लेक बाळंतपणात गेली, माय. नातवाला दूध पायजे. तुझा हात हाय म्हनून एवढ्या लांब आलो."

चरवी काठोकाठ भरली.

"बघा! आता सकाळची धार कशाला बघायची?" आबासाहेब म्हणाले.

माणिकरावांनी तिच्याकडे पाहिलं. "खरं का, माय?"

ती उठली, तिने वासराचं मुसकं काढलं आणि दावं सोडलं. वासरू धडपडत कासेला भिडलं. ढुशा देऊ लागलं, एक सड सोडून दुसरा धरू लागलं. काहीच येईना, तसं हंबरलं. भोवतीची माणसं जवळ सरकली.

"लय लाडाचं हाय ते," आबासाहेब म्हणाले.

"लाडाच्याला मुसकं घालतेत व्हय, आबा?" मागून कुणीतरी म्हणालं.

माणिकरावांनी वासराच्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग त्यांनी गाईचा कासरा हातात घेतला. "समजलं गं, माय. पन घरी लेकरू रडायलंय. रिकामा कसा जाऊ?"

गाय गेली, मागून वासरू गेलं.

पण बाकीचे घेणारे अडून बसले, "आधी वासरू सोडा." त्या दिवशी तीन सौदे मोडले. पुढच्या बाजारी आबासाहेबांची दवंडी फिरली की बाजारात कुणी धार काढायची नाही. त्याच आठवड्यात झोपडी पाडून तिथे ठेक्याची पत्र्याची कचेरी उभी राहायला लागली. बाजार काही कमी झाला नाही, उलट फुगला.

कस्तुराबाई पोराला घेऊन माहेरच्या वाटेला लागली. अरुंद पाणंदीत समोरून एक नवरा-बायको म्हैस घेऊन आले.

"बाई, बोरखडीच्या बाजाराचा हाच रस्ता ना?"

"हाच."

"तिथं कोन बाई हाय म्हनं, धार काढून खरं सांगती?"

"व्हती," ती म्हणाली. "चला बिगीबिगी, ऊन व्हायच्या आत पोचताल."

आणि म्हशीला वाट द्यायला ती कडेच्या काट्यांत उतरून उभी राहिली.