ताईचा दुपारचा खण

"धाकटे, ताईचा हात बघ. टाका कुठे घातलाय ते सुईलासुद्धा आठवायचं नाही," आई म्हणायची.

पन्नास वर्षं झाली. आई गेली, तो आवाज काही कानातून जाईना.

पार्किन्सनने मला गाठलं चव्वेचाळिसाव्या वर्षी, ताईला त्रेसष्टाव्या. आजारपणातही थोरलीचाच थाट. तिची नुसती पावलं जड झाली. माझं मात्र गोळी लागू पडली की मान झुले, खांदा झुले, कंबर झुले. वारा नाही, वावटळ नाही, अंग आपलं झुलतंय. आमच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहायचं, टेप माझ्या हातात नाचायची. मग हळूच म्हणायचं, "मोठ्या बाईच घेऊ देत माप."

शिवणयंत्रामागच्या फळीवर आम्हा दोघींच्या गोळ्या. ताईची डबी निळी. सात वार, वाराला तीन खण. गोळी तीच, ताकदही तीच. तरी मला वाटायचं, गुण आहे तो तिच्याच गोळीत. ती बटणं काढायला वळली की मी दुपारचा खण उघडायचे. गोळी जिभेवर, डबी जागेवर.

नंतर रिकामा खण बघून ताई म्हणायची, "घेतली वाटतं मी. म्हातारी झाले गं."

"झालीसच," मी म्हणायचे.

तपासणीला दोघी बरोबरच गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आजार लवकर लागलेला, त्यात बाई, वजन हे एवढंसं, आणि बारा वर्षं गोळ्या. अशांचं अंग जास्त झुलतं. मात्रा वाढली की आणखीच. लिहून दिल्यात तेवढ्याच घेता ना?"

"तेवढ्याच."

मग त्या ताईकडे वळल्या. हल्ली दुपारनंतर तिला खुर्चीतून उठताच येत नव्हतं.

"दुपारची गोळी पुरत नाहीये. वाढवू या."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. झुलू दे तिलाही. बघू मग गिऱ्हाईक कुणाकडे वळतं ते.

ताईने माझा झुलता खांदा तळव्याखाली धरून ठेवला. "माझं वाढवा नाहीतर काढा. मी बसून काजं करीन. हिचं तेवढं बघा हो. हिला घास तोंडात घालता येत नाही."

डॉक्टरीणबाईंचं पेन कागदावर टेकलं.

"वाढवू नका," मी म्हणाले. "दुपारची गोळी तिच्या पोटात जातच नाही. तीन महिने झाले, ती मी खातेय."