मुक्या घरातला घुंगूर

मी एक जुना पितळी घुंगूर आहे. मित्रांनो, घुंगूर म्हटलं की तुम्हाला नाचणाऱ्या बाईचे पाय आठवतील. मी तसला नाजूक नाही. मी लिंबाएवढा, जाडजूड, बैलाच्या गळ्यातला. माझ्या पोटात लोखंडाचा एक खडा आहे, आणि माझी जी काही अक्कल आहे ती त्या खड्यातच आहे असं समजा.

ओताऱ्यानं मला ओतलं तेव्हा आमच्या डोंगरकडा गावाकडं आजच्यासारखी सडक नव्हती. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आज मी ज्याच्या घरात आहे त्या नेमसिंगच्या पणजोबानं मला म्होरक्या बैलाच्या गळ्यात बांधलं. धुक्यात, धुरळ्यात मागच्या बैलांना काही दिसत नसे, पण माझा आवाज आला की ते पाऊल टाकत. पुढं कुणीतरी आहे, हे मागच्याला कळावं, एवढंच माझं काम होतं. ते मी इमानेइतबारे केलं. पुढं मोटारी आल्या, बैल नांगराला लागले, मग ट्रॅक्टर आला आणि बैलही गेले. घुंगुरमाळ मोडीत निघाली. नेमसिंगनं मला एकट्याला काढून ठेवलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढं नेमसिंगला नात झाली, तिचं नाव शिला ठेवलं, तेव्हा त्यानं मला तांबड्या दोऱ्यानं तिच्या पाळण्याला बांधलं. मला वाटलं, चला, म्हातारपणी हलकी चाकरी लागली. कसली हलकी! नेमसिंगची बायको जिवनबाई म्हणजे बोलण्याची गिरणी. मुलगा योगेश आणि सून रुपा हळदीच्या रानात गेले की ती दिवसभर नातीशी बोले. भाकरी थापताना भाकरीबद्दल, हळद वाळत घालताना हळदीबद्दल, दारातून शेळी गेली की शेळीबद्दल. मला आपल्या आरसे जडवलेल्या ओढणीखाली लपवून विचारी, "कुठं गेला गं?" आणि मग गप्प राही. शिलानं "हूं" केल्याशिवाय ती हात हलवत नसे. पोरीनं हूं केलं की मी वाजे, आणि आजी-नात दोघी हसत.

अशी ती पोर शिकत गेली. पहिला शब्द फुटला तो ना आईचा ना आजीचा. माझ्याकडं बोट करून ती म्हणाली, "झिन." इतका मान मला म्होरक्या बैलाच्या गळ्यातही मिळाला नव्हता. जिवनबाईनं ते साऱ्या तांड्यात दारोदार सांगितलं.

त्याच साली शिलाला ताप चढला आणि ती गेली.

भेटायला आलेल्या बायांत शेजारची मोतीबाई होती. मनानं वाईट नव्हती, पण जीभ सैल. ती म्हणाली, "लई बोलकं केलतं पोरीला. बोलक्या लेकराला नजर लवकर सापडते." मोतीबाई बोलून घरी गेली, पण ते वाक्य जिवनबाईच्या काळजात रुतून बसलं. तिनं मला पाळण्यावरून सोडलं, फडक्यात गुंडाळलं आणि माळ्यावर हळदीच्या रिकाम्या पोत्यांमागं टाकलं.

पुढं रुपाला मुलगा झाला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. जिवनबाईनं तर ताकाचं गाडगंच पालथं घातलं. बारसं करायचं नाही. नाव ठेवायचं नाही. लाडानं बोलायचं नाही, खेळवायचं नाही. ज्याला हाक मारता येत नाही, त्याला मृत्यू तरी कसा शोधणार, असा तिचा हिशेब. घरात सगळे त्याला "ते" म्हणत. त्याला वेळेवर दूध मिळे, अंगाला तेल लागे, न्हाऊमाखू घालत, पण सगळं मुक्यानं. रुपानं विरोध केला असं मी म्हणणार नाही. एक लेकरू गेलेली आई ती, तीही भ्यालेली होती.

योगेशनं पाळण्यासमोर मोबाइल लावून दिला. मोबाइल अखंड बोले, गाई, पण लेकराच्या हुंकारासाठी थांबत नसे. सुरुवातीला ते लेकरू पाळण्यातून हूं हूं करायचं. मी माळ्यावरून ऐकायचो. मग ते हूं कमी कमी होत गेलं आणि एक दिवस बंदच पडलं. पुढून आवाज आला नाही की मागचा बैल वाटेत उभा राहतो, हे मला पूर्वीच ठाऊक होतं.

मित्रांनो, फार पूर्वी आमचा तांडा पटकीनं उठलेल्या एका गावातून गेला होता. चुली होत्या, उंबरठे होते, माणूस नव्हतं. त्या गावात माझाच आवाज मला नकोसा झाला होता. आता खाली पाच माणसं जेवतखात होती, तरी मला तीच शांतता ऐकू येई.

अशात एका दुपारी उंदरानं माझं फडकं ओढलं आणि मी वाजलो. खाली भांड्यांचा आवाज थांबला. पुन्हा एकदा असंच झालं, मग वरचेवर होऊ लागलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जिवनबाई वर बघत पुटपुटली की शिला आली आहे, भावाला न्यायला आली आहे. तिनं पाळण्याला काळा दोरा बांधला, दाराला लिंबू टांगलं, आणि घर आणखी मुकं केलं. उंदीर होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण दर वेळी उंदीरच होता, असं मी शपथेवर सांगणार नाही.

लेकरू रांगायच्या वयाचं झालं तरी भिंतीला टेकून बसून राही. कुणाकडं वळायचं नाही, आवाज काढायचा नाही. ते बहिरं असावं असं रुपाला वाटू लागलं. योगेश म्हणाला, नांदेडला नेऊन कान दाखवू. जिवनबाई आडवी आली. बाहेरची नजर नको.

आणि मग ती दुपार आली. उंदरांनी कुरतडलेलं फडकं फाटलं, मी घरंगळलो आणि माळ्यावरून खाली आदळलो. फरशीवर वाजत वाजत गेलो आणि थांबलो. लेकरानं मान वळवली. नुसती मान नाही, ते सगळंच वळलं, आणि दोन्ही तळहात टेकून माझ्याकडं सरकू लागलं.

जिवनबाईनं झडप घालून मला उचललं. मला रुपाच्या हातात कोंबून ती म्हणाली, "हिरीत टाक ह्याला. आत्ताच्या आत्ता."

रुपा उठली नाही. तिनं मला पदराखाली लपवलं आणि लेकरासमोर गप्प बसली. ते बघत राहिलं. रुपा थांबली. मीही खडा आवरून धरला. शेवटी आतून, खूप लांबून यावा तसा एक आवाज आला, "हूं."

रुपानं मला वाजवलं. मग ती सासूकडं वळली. सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. "याडी, पोरगं बहिरं न्हाई. मुकंबी न्हाई. आपलं घर मुकं हाय."

"माझ्याच बोलण्यानं गेली ती," जिवनबाई म्हणाली.

"तापानं गेली, याडी. तुमच्या बोलण्यानं तं हसून राहिली होती."

जिवनबाई मटकन खाली बसली. इतक्या दिवसांचं रडणं तिनं त्या दुपारी रडून घेतलं. नेमसिंगनं तांबडा दोरा शोधून आणला आणि मला पुन्हा पाळण्याला बांधलं. संध्याकाळी जिवनबाईनं मला ओढणीखाली धरलं आणि विचारलं, "कुठं गेला रे?"

लेकराचे कान नांदेडला दाखवले, ते ठणठणीत निघाले. त्याचं नाव रणजीत ठेवलं. घरात पुन्हा भाकरी, हळद, शेळी सुरू झालं. आणि एके दिवशी रणजीतनं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "झिन."

शिला गेल्यापासून तो शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. रुपाचा हात थांबला. जिवनबाई हळूच म्हणाली, "बहिणीनं शिकवलं." माझा आवाजच तसा आहे, कुठलंही लेकरू मला झिनच म्हणेल. पण तिची समजूत मी मोडली नाही. ती खोटीच आहे, हे तरी मला कुठं ठाऊक आहे?

मित्रांनो, तुमच्या घरात तान्हं लेकरू असेल तर त्याच्याशी बोला. काहीही बोला, पण बोलून झालं की थांबा, त्याच्या हूंची वाट बघा. पुढं कुणीतरी आहे, हे त्याला कळू द्या.

अजूनही एखाद्या दुपारी, वारा नसताना, कुणाचा हात लागला नसताना, मी वाजतो. उंदीर आता पाळण्यापर्यंत येत नाहीत. जिवनबाई धान्य पाखडणं थांबवत नाही, दाराकडं बघतही नाही. पाखडता पाखडता म्हणते, "ये शिला, बस. भाऊ उठलाय, बोल त्याच्याशी."